देवांचे खातेवाटप

गेल्या पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीत एक व्याख्यान झाले. विषय होता 'प्राचीन इजिप्तमधील देवदेवता व त्यांची कार्ये'. व्याख्याते बाहेरगावचे, बहुश्रुत, वाणी रसाळ, श्रोतृवर्ग सुशिक्षित, आणि बाहेर आषाढातल्या सरी अशा कोसळत होत्या की मध्येच उठून जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पडद्यावर एक कोष्टक झळकले. डाव्या रकान्यात देवाचे नाव, उजव्या रकान्यात त्याचे काम. ओसायरिस : मृतांचा देव. आयसिस : मातृत्व व जादू. थोथ : लेखन व चंद्र. आनुबिस : प्रेतसंस्कार. सेत : वादळ व अनर्थ. शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या खात्यांची यादी वर्तमानपत्रात छापून यावी तसे तीस-चाळीस देव आपापल्या खात्यापुढे शिस्तीने बसले होते. श्रोत्यांपैकी निम्म्यांनी ती यादी वहीत उतरवून घेतली, उरलेल्यांनी मोबाइलवर तिचे छायाचित्र घेतले.

एवढ्यावर प्रकरण थांबते तर मी लेखणी उचलली नसती. दूरच्या देवांविषयी थोडेफार चुकीचे ऐकल्याने कोणाचे घर बुडत नाही. परंतु समारोप करताना व्याख्याते म्हणाले की, आपल्या कोकणातील ग्रामदैवतांचाही एकदा असाच नीट उलगडा करून घेतला पाहिजे. जाकादेवी काय, जुगाई काय, सातेरी काय, ही सारी पार्वतीचीच रूपे. भैरी आणि रवळनाथ ही शंकराची. तेव्हा प्रत्येकाचे मूळ व कार्य ठरवून तसे फलक देवळादेवळांवर लावले म्हणजे नव्या पिढीच्या मनातील गोंधळ मिटेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळी वाजविली नाही. ती का वाजविली नाही हे सांगणे मला प्राप्त आहे. कारण असा एक फलक मी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

प्रथम इजिप्तचेच पाहू. ते कोष्टक तेथेही खोटे आहे. त्यातील एखादा तपशील चुकला आहे असे माझे म्हणणे नाही. रकानेच चुकले आहेत. या कोष्टकाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : जग निर्माण करण्याचे खाते कोणाकडे होते? ग्रीकांनी ज्याला हेलिओपोलिस म्हटले त्या नगरीतले लोक सांगत, आतूमकडे. मेम्फिसचे लोक सांगत, आमच्या प्ताहने हृदयात कल्पना धरली आणि जिभेने उच्चारली, तेव्हा जग झाले; शाबाका राजाने इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हे सारे शिळेवर कोरवून ठेवले आणि ती शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एस्नाचे लोक म्हणत, ख्नूमने कुंभाराच्या चाकावर माणसे घडविली. साइसच्या लोकांना विचारले तर उत्तर येई, आमची नेइथ. चार गावी चार जगत्कर्ते. आणि ही चारही गावे एकाच राजाची प्रजा, एकाच नदीचे पाणी पिणारी! यावरून कधी लढाई झाली नाही, शास्त्रार्थाचे फड रंगले नाहीत. आपल्या गावचा देव हा आपल्या गावापुरता सर्वकर्ता असतो, हे त्यांना इतके स्वयंसिद्ध वाटत होते की त्याबद्दल खुलासा करण्याची त्यांना गरजच भासली नाही.

सेताचे तर विचारूच नये. कोष्टकात तो खलनायक. त्याने सख्ख्या भावाला मारले हे खरेच. पण रोज रात्री सूर्याची नौका पाताळातून जात असता तिच्यावर चालून येणाऱ्या आपोफिस नामक महासर्पाला भाल्याने रोखणारा तरी कोण? हाच सेत. त्याच्या नावावरून सेती हे नाव घेतलेले राजे इजिप्तच्या गादीवर बसले. आणि त्यांतल्या पहिल्या सेतीने अबिडोस येथे जे भव्य मंदिर उभारले ते ओसायरिसचे, म्हणजे सेताने मारलेल्या भावाचे! मौज अशी की त्या मंदिरात राजाचे नाव कोरताना कारागिरांनी पुष्कळ ठिकाणी सेताचे चिन्ह गाळून त्या जागी दुसरे चिन्ह घातले आहे. मारणाऱ्याचे नाव मारलेल्याच्या घरात कसे मिरवायचे, हा संकोच त्यांना झाला. अशा देवाला 'अनर्थ' हे एक खाते देऊन मोकळे होणे ही विद्वत्ता नव्हे, आळस आहे.

मग हे कोष्टक आले कोठून? ते ग्रीकांनी दिले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस इजिप्तमध्ये गेला, आणि परक्या मुलखातला पाहुणा जे करतो तेच त्याने केले. प्रत्येक देवाला आपल्याकडचे नाव देऊन टाकले. आमोन म्हणजे झ्यूस, नेइथ म्हणजे अथीना, प्ताह म्हणजे हेफीस्टस. पुढे पाचएकशे वर्षांनी प्लुटार्कने आयसिस व ओसायरिस यांच्यावर ग्रंथ लिहिला. ओसायरिसच्या वधाची जी सलग कथा आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते ती अशी सलग सापडते ती या ग्रीक गृहस्थाच्या लेखनात. खुद्द मिसरी लेखांत तिचे तुकडे आहेत, उल्लेख आहेत, अखंड कथा नाही. १८२२ साली शांपोलियोंने चित्रलिपी उलगडली तोवर युरोपच्या डोक्यात हे कोष्टक पक्के बसले होते, आणि लिपी वाचता येऊ लागल्यावरही ते लवकर निघाले नाही. एरिक होर्नुंग या पंडिताने १९७१ साली मिसरी देवकल्पनेवर एक मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, या देवांना अनेक नावे, अनेक रूपे आहेत आणि कोणा एका रूपात किंवा कामात देव संपत नाही. आमच्या व्याख्यात्यांपर्यंत १९७१ साल अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

देवाचे काम म्हणजे त्या लोकांच्या लेखी काय होते हे पाहावयाचे असेल तर राजधानीतील मोठी मंदिरे सोडून एका लहानशा वस्तीत जावे लागेल. थीब्जच्या पश्चिमेस, डोंगराच्या कुशीत, राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारागिरांचे एक गाव होते. देर अल-मदीना हे त्याचे आजचे नाव. तटबंदीच्या आत सुमारे सत्तर घरे. चारशे-साडेचारशे वर्षे ते नांदले. बेर्नार बृयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षे ते खणून काढले. पाणीसुद्धा बाहेरून गाढवांवर लादून आणावे लागे असे ते ओसाड ठिकाण. पण तेथील माणसे लिहिणारी होती, आणि खापराच्या तुकड्यांवर त्यांनी आपला सारा संसार लिहून ठेवला आहे : कोणी कोणाचे गाढव भाड्याने नेले, कोण कामावर आला नाही, कोणाचे कोणाशी भांडण झाले.

या गावात आमेनहोतेप या फार पूर्वी होऊन गेलेल्या राजाला देव मानीत. उत्सवात त्याची मूर्ती गावातलेच कारागीर खांद्यावर घेऊन निघत. घर कोणाचे, थडग्याची जागा कोणाची, चोरी कोणी केली, असे तंटे त्या वेळी त्याच्यापुढे मांडले जात. आणि खांद्यावरचा देव पुढे सरला तर होकार, मागे हटला तर नकार. हा निवाडा गाव मान्य करी. आणि गावावर जो डोंगराचा सुळका होता तो म्हणजे मेरेतसेगेर नावाची देवी. नावाचा अर्थ, जिला मौन प्रिय आहे ती. तिचे रूप नागिणीचे. नेफेराबू नावाच्या एका कारागिराने शिळा कोरून ठेवली आहे. तीत तो कबूल करतो की, आपण अजाणपणे या सुळक्याचा अपराध केला, तिने शिक्षा केली, आपण तिला शरण गेलो, आणि मग तिने वाऱ्याची झुळूक यावी तशी शांती दिली. मोठ्या मंदिरांच्या पुराणांत या देवीला स्थान नव्हते. व्याख्यात्यांच्या कोष्टकातही ती नव्हती. असती तर तिच्यापुढे 'सर्प' असे काहीतरी लिहिले गेले असते. पण नेफेराबूला विचारले असते, तुझी मेरेतसेगेर कसली देवी, तर त्याने बोट वर करून सुळका दाखविला असता.

आता रत्नागिरीच्या माणसाला हे सारे वाचताना काही आठवल्याशिवाय राहील काय? (यावरून मिसरी लोक मूळचे कोकणस्थ होते असा शोध कृपा करून कोणी लावू नये. तसल्या शोधांचे पीक आपल्याकडे उदंड आहे.) फाल्गुनातल्या पौर्णिमेला आमच्या बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते. ढोलताशांच्या गजरात ती खांद्यांवर नाचते, थबकते, मागे येते, पुन्हा उसळते. चाकरमानी मुंबईची नोकरी चार दिवस गुंडाळून ठेवून याच पालखीसाठी येतो. दारी आलेल्या देवाची घरची बाई ओटी भरते. जिल्ह्यात कित्येक ठिकाणी जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखी शोधून काढते; चिपळूणकडे याला शेरणे काढणे म्हणतात. पालखी कोण हलवितो, खांदेकरी की देव, हा प्रश्न बुद्धिवाद्याने अवश्य विचारावा. मीही तरुणपणी विचारीत असे. पण पालखीखाली खांदा दिलेल्या माणसाला 'भैरी हा कशाचा देव' असे विचारून पाहा. तो तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील. भैरी बारा वाड्यांचा. कशाचा नव्हे, कोणाचा; हा त्याचा हिशेब आहे.

हाच हिशेब दक्षिणेकडे गेले तरी बदलत नाही. १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या, आता सिंधुदुर्गात गेलेल्या वेंगुर्ले तालुक्यात आरवली गावी वेतोबा आहे. त्याला भक्त केळ्यांचे घड वाहतात आणि मोठमोठ्या चपला वाहतात. का? तर वेतोबा रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात. कोष्टकात वेताळ म्हणजे भूतांचा अधिपती. गावाच्या दृष्टीने तो पायपीट करणारा राखणदार आहे, आणि पायपीट करणाऱ्याला चपला लागतात. यात न कळण्यासारखे काय आहे? सातेरी ही वारुळातली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात वारूळ, भूदेवी व सांतेरी यांचा संबंध उलगडून दाखविला आहे. तो वाचला म्हणजे, वारुळाच्या मातीला हात जोडणारा शेतकरी पुराणे न वाचताही काय जाणत होता हे ध्यानात येते.

या देवतांना प्रश्नावलीत बसविण्याचा उद्योगही नवा नाही. जॅक्सन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकांच्या समजुतींविषयी उत्तरे मागविली होती; तो १९०९ साली नाशिकला मारला गेला, आणि ती सामग्री एन्थोव्हेनने संपादून १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचा खंड म्हणून प्रसिद्ध केली. त्या खंडाचा उपयोग मी अनेकदा केला आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण साहेबाने विचारले की मास्तराने उत्तर द्यायचे, आणि साहेबाला कळेल असे द्यायचे, ही त्या उत्तरांची अडचण आहे. आजचे आम्ही सुशिक्षित त्या मास्तरांचेच वारस. फरक इतकाच की आता साहेब नाही; प्रश्नही आम्हीच विचारतो आणि उत्तरही आम्हीच देतो.

आता माझ्या फलकाची हकीकत. राजापूर तालुक्यातील माझ्या गावी वीसेक वर्षांपूर्वी जाकादेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. जांभ्या दगडाच्या भिंती गेल्या, काँक्रीट आले. प्रोफेसर म्हणून फलकाचा मजकूर लिहिण्याचा मान माझ्याकडे आला, आणि मी एका बैठकीत लिहून टाकले : 'श्री जाकादेवी, आदिमाया पार्वतीचा अवतार, सौभाग्य व संतती देणारी.' संगमरवरावर सोनेरी अक्षरे झाली. जुन्या गुरवाने ते कोणाकडून तरी वाचवून घेतले आणि मला विचारले, "काय भाऊ, पार्वती कैलासावर ऱ्हाते ना? मग आमची शीव कोन राखनार?" मी हसलो. त्याला अवतारकल्पना समजावून दिली. त्याने मान हलविली, आणि विषय संपला असे मला वाटले.

तो संपला नव्हता. अवतार म्हटल्यावर ओबडधोबड पाषाण गाभाऱ्यात शोभेना. संगमरवरी मूर्ती आली आणि पाषाण मागच्या कोनाड्यात गेला. पार्वती म्हटल्यावर देवीच्या मागची राई ही नुसतीच झाडी झाली. त्या राईत किंजळ होते, सातवीण होती, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली होत्या. वाळलेली फांदीसुद्धा देवीचा कौल घेतल्यावाचून कोणी उचलीत नसे. पाषाणाला लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. सभामंडपासाठी जागा हवी झाली तेव्हा राईतली पंचवीस-तीस झाडे चार दिवसांत आडवी झाली. कौल नाकारला गेला असता काय, हे मला सांगता येणार नाही. कौल घ्यावा हे कोणाला सुचलेच नाही, एवढे मला ठाऊक आहे. मलाही सुचले नाही. सौभाग्य व संतती देणारीकडे झाडांची परवानगी कोण मागणार? देवरायांचे महत्त्व माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकातच लिहून ठेवले होते. मी ते वाचलेले होते. पण त्या आणि या गोष्टीचा संबंध माझ्या ध्यानात आला नाही.

येथे पूर्वपक्ष उभा राहील. पहिला आक्षेप असा की, देवांची एकरूपता ही काही सुशिक्षितांची चूष नव्हे. भैरी हे नावच भैरवाचे आहे, सातेरीला शांतादुर्गा म्हणण्याची चाल जुनी आहे, आणि इजिप्तमध्येही आमोन व रा मिळून आमोन-रा झालाच की! झाला, पण कसा झाला ते पाहावे. आमोन-रा झाल्यावर आमोन उरला, रा उरला, आणि आमोन-राही उरला. एक देव दुसऱ्याच्या घरी राहावयास जाई, पण आपले घर मोडून जात नसे. शांतादुर्गा म्हणूनही वारुळात राहणारी सातेरी याच जातीची आहे, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. देवांनी एकमेकांशी नाते कसे जोडावे याची रीत दोन्हीकडे होती, आणि ती भेटीची होती. देंदेराची हाथोर दर वर्षी नावेत बसून एडफूच्या होरसाला भेटावयास जाई. आमच्या संगमेश्वर तालुक्यात मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागते, आणि दर वर्षी लागते. गिरिजा म्हणजे पार्वती, हे त्या वऱ्हाडाला कळत नाही काय? कळते. तरी ती साखरप्याची असते. मार्लेश्वर शंकर असला तरी त्याला वरात घेऊनच यावे लागते. फलक लिहिणाऱ्यांना ही साखरप्याची गिरिजा दिसत नाही, फक्त पुराणातली दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. ही गावरहाटी म्हणजे मानपानाची उतरंड होती. पालखीला खांदा कोणी द्यायचा आणि कोणी लांब उभे राहायचे हे तिने ठरविले. अशा देवांसाठी गळा काढणे म्हणजे त्या अन्यायासाठी गळा काढणे होय. अन्याय होता, यात वाद नाही. याच शहरात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींना उघडे झाले ते उगाच नव्हे. परंतु मी माझ्या गावापुरते विचारतो : जाकादेवीची पार्वती झाल्याने कोणता मान कमी झाला? पहिला नारळ कोणाचा यावरून आजही भांडण होते. शिमग्यात बंदोबस्त ठेवण्याची पाळी जिल्ह्यातील कित्येक गावांवर आजही येते. सुधारणेने देवी नेली आणि उतरंड जागच्या जागी ठेवली. उलटे करणे शक्य होते, आणि ते अधिक कठीण होते. म्हणून आम्ही सोपे ते केले. कौलावर कोर्टातले दावे तोडावेत असेही माझे म्हणणे नाही. ज्याला देवीवर श्रद्धा नाही त्याने खुशाल नसावी. पण जिच्यावर आपली श्रद्धा नाही तिचे नाव बदलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आणि जी देवता केवळ जागेची असते ती जागेबरोबर जाते. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात देर अल-मदीना ओसाड पडले. कारागीर गेले, आणि थोड्याच काळात मेरेतसेगेरची पूजाही थांबली. आयसिसला रोमपर्यंत भक्त मिळाले. मेरेतसेगेरला डोंगराखालून उठून दुसरीकडे जाता येईना. सुळका अजून उभा आहे. आमच्या वाड्यांतली घरे दहा महिने कुलपात असतात. तेव्हा या विषयावर शांत चित्ताने वाद घालण्यास आम्हांला किती वर्षांचा अवधी आहे याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

गेल्या शिमग्यात मी देवस्थान समितीला नवा मजकूर लिहून दिला. त्यात तीनच ओळी आहेत. पाषाण कोणत्या ओढ्याकाठी होता व आता कोठे ठेवला आहे. चारही दिशांना देवीची शीव कोठवर आहे. आणि पालखी कोणत्या तिथीला कोणत्या वाडीपासून निघते. अवतार नाही, खाते नाही. समितीने तो आदराने वाचला. अध्यक्ष म्हणाले, मजकूर चांगला आहे, पण लोकांना देवीचे महात्म्य कसे कळणार? शिवाय संगमरवराचे पैसे पूर्वीच देऊन झालेले आहेत, आणि अक्षरे खोल कोरलेली असल्यामुळे फलक उलटा करून लावावा लागेल. त्याला खर्च किती येईल याची चौकशी चालू आहे.